नानांच्या अंगठ्याचं नख

देवपुरातल्या आमच्या गल्लीत कोणाच्याही झाडाचा शेंडा जागेवर राहत नाही. तुळस असो, जास्वंद असो, कुंडीतली मिरची असो. संध्याकाळी पाणी घालताना शेंडा डौलात उभा असतो आणि सकाळी गायब. मी जळगावहून बदली होऊन इथं राहायला आले तेव्हा आधी मला वाटलं, माकडं असतील. मग वाटलं, शेळ्या असतील. मग एका सकाळी दूध घ्यायला दार उघडलं, तर माझ्या जास्वंदीपाशी लोकरीची टोपी घातलेला एक उंच, वाळका म्हातारा उभा. त्यानं चिमटीत शेंडा धरला, अंगठ्याच्या नखानं कट्‌कन खुडला, सदऱ्याच्या खिशात टाकला आणि माझ्याकडं बघून शांतपणे विचारलं, "वाढ कोठे व्हस?"

"काय?" मी म्हणाले.

"जास्वंद वाढस ना? मंग कोठे वाढस?"

सकाळच्या वेळी, हातात दुधाचं पातेलं घेऊन, अनोळखी माणसाच्या असल्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं? मी म्हणाले, "वाढते सगळीकडूनच."

"नापास," म्हातारा म्हणाला आणि शेजारच्यांच्या तुळशीकडं वळला.

हे आमचे धनराज नाना. मूळचे नरडाण्याकडचे, इथल्या एका शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. शाळेत ते म्हणे अगदी छापील मराठी बोलत. निवृत्तीच्या दिवशी खडू, डस्टर आणि ती मराठी, तिन्ही त्यांनी शाळेत जमा केली आणि उरलेल्या आयुष्यासाठी आपली अहिराणी तेवढी घरी आणली. सोबत हे नख आणलं. उजव्या अंगठ्याचं, चांगलं लांब वाढवलेलं. दर रविवारी अंगणातल्या फरशीवर ते त्याला धार लावतात. बाकीची नऊ नखं त्यांची बायको, अक्का, कापून देतात, याला मात्र त्यांनासुद्धा हात लावायची परवानगी नाही.

मी त्या दिवशी भांडायला गेले होते, हे सांगायला हवं. माझा स्वभाव तसा गप्प बसण्यातला नाही. नानांनी मला ओट्यावर बसवलं, अक्कांना चहा टाकायला सांगितलं आणि पुढचा तासभर मला शिकवलं. झाड सगळीकडून वाढत नाही. खोडाच्या शेंड्याला एक इवलीशी जागा असते, मुळाच्या टोकाला एक असते, तिथल्या पेशी रात्रंदिवस दुणावत असतात. बाकीचं झाड म्हणजे झालेलं काम.

"तुमना हापिसमा फाइल बंद करतस ना? तसं," नाना म्हणाले.

"मग चालू फाइल तुम्ही कशाला खुडता?"

"कारण शेंडा साहेब शे. साहेब जागावर असला की बाकीना डोळा झोपी ऱ्हातस. साहेबले रजावर धाड, मंग देख."

पंधरवड्यात माझ्या एकदांडी जास्वंदीचे झोपलेले डोळे जागे झाले आणि चारी अंगांनी फुटवे आले. मी कार्यालयात वीस माणसांत काम करते, त्यामुळं हे उदाहरण मला फार पटलं. तरी सकाळी शेंडा गेलेला दिसला की अजूनही माझं डोकं फिरतं आणि मी नानांच्या घराकडं बघून मोठ्यानं बोलते. ते ऐकू आलं नाही असं दाखवतात.

नानांपुढं वाढीशिवाय दुसरा कुठलाच विषय फार वेळ टिकत नाही. केस कापायला गेले की ते न्हाव्याला सांगतात, केस हे गवतासारखे, खालून वाढतात, म्हणून कितीही काप, परत येतात. गवताची वाढ बुडाशी आणि पेरांशी, म्हणून शेळी खाते आणि गवत पुन्हा उभं राहतं. "गवत आन केस जर शेंड्यावर वाढतात ना, तर शेळी उपाशी मरी जाती आन तूबी." न्हावी त्यांची हजामत सर्वांत लवकर उरकतो. मी जळगावची हे कळल्यावर त्यांनी मला केळीचं खोड कुठं असतं ते विचारलं. केळीच्या बागांत माझं बालपण गेलं. मी हातानं उंची दाखवून म्हणाले, हे एवढं असतं की. नानांना इतका आनंद झाला, की त्यांनी अक्कांना हाक मारून बोलावलं. ते उभं दिसतं ते नुसतं पानांच्या देठांचं गुंडाळं, खरं खोड म्हणजे जमिनीतला कंद. माहेरी फोन करून विचारलं तर भाऊ म्हणाला, "ताई, हे तुला आत्ता कळलं?" मी फोन ठेवून दिला.

पण नानांचा खरा ग्राहक म्हणजे हिलाल भाऊ. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं फर्निचरचं दुकान आहे. माणूस सोन्यासारखा, फक्त कुठलीही गोष्ट अर्धी ऐकायची आणि दुप्पट करायची, ही एक खोड. एकदा चहाच्या टपरीवर ते म्हणाले, लहानपणी मी गावच्या कडुलिंबाच्या झाडावर नाव कोरलं होतं, आता ते पार वर, पाखरांच्या घरट्यापाशी गेलं असेल. नानांच्या हातातली बशी तिथंच थांबली. दुसऱ्या दिवशी त्यांनी हिलाल भाऊंना एसटीत बसवून त्यांच्या गावी नेलं. नाव होतं तिथंच होतं, पोराच्या छातीच्या उंचीवर. अक्षरं तेवढी रुंदावली होती. साल आणि लाकूड यांच्यामध्ये ओल्या कागदासारखा एक थर असतो, तो झाडाला जाडी देतो. उंची द्यायचं काम शेंड्याचं.

"देख, तुनासारखंच," नाना म्हणाले, "उंची तीच, जाडी वाढनी."

दुर्दैवानं नावाशेजारी एका मुलीचंही नाव होतं, तेही चांगलं रुंदावलं होतं, आणि नानांनी परत आल्यावर शास्त्रीय पुरावा म्हणून ते सगळ्या गल्लीला सांगितलं. हिलाल भाऊंच्या घरी आठवडाभर स्वयंपाक अळणी होता.

आता आंब्याकडं येते. नानांच्या दारात एक आंबा आहे. अक्कांनी माहेरचा आंबा खाऊन त्याची कोय लावलेली. झाड मोठं, भरगच्च, दुपारी अर्ध्या गल्लीला सावली देणारं. पण त्याला कधी मोहोर आला नव्हता. नानांच्या नखातून सुटलेलं गल्लीतलं हे एकच झाड. रोप होतं तेव्हा अक्कांनी सांगितलं होतं, याला हात लावायचा नाही, आणि नानांनी तो लावला नाही. या झाडाबद्दल कोणी काहीही बोललेलं त्यांना चालायचं, फक्त एक शब्द सोडून. एकदा एक पाहुणा चहा पिता पिता सहज म्हणाला, "वांझ दिसतो आंबा." नानांनी त्याच्या हातातला कप काढून घेतला. चहा अर्धा होता. "झाड वांझ नसतं, झाडाची मर्जी असते," असं ते त्या दिवशी चक्क छापील मराठीत म्हणाले आणि आत निघून गेले. आम्हाला वाटलं, शास्त्राचा मुद्दा असेल.

आणखी एक. आखाजीला हे दोघं घराला कुलूप लावून मुक्ताईनगरला जायचे, मुक्ताईच्या दर्शनाला. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्या खानदेशात लेकींचा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाझाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, घरात घागर भरतात, तिच्यावर आंबा ठेवतात आणि मग त्या वर्षीचा पहिला रस होतो. अशा दिवशी सगळी गल्ली गजबजलेली आणि ही दोघं पहाटेच्या गाडीनं निघून रात्री परत. भाविक माणसं, असं आम्ही समजायचो.

मागच्या पावसाळ्याच्या अखेरीस नानांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्यासाठी दोघं नाशिकला अक्कांच्या भाच्याकडं गेले. जाण्याआधी कधीतरी टपरीवर नाना म्हणाले होते, की सालीची एक बारीक रिंग काढली तर वर बनलेलं अन्न वरच अडतं आणि हट्टी झाडही मोहरतं. हे हिलाल भाऊंनी ऐकलं, म्हणजे अर्धं ऐकलं. नाना परत यायच्या आत त्यांच्या आंब्याला मोहोराच्या वाटेला लावून त्यांना चकित करायचं, असं त्यांनी ठरवलं. कोयता आणि पटाशी घेऊन त्यांनी आंब्याच्या खोडाची हातभर रुंद साल गोल फिरवून काढली. सुताराचं काम, एक धागा मागं ठेवला नाही. वर पॉलिश तेवढं करायचं राहिलं होतं.

नाना आले ते डोळ्यांवर काळा चष्मा लावून, अक्कांचा हात धरून. रिक्षातून उतरले आणि सवयीनं झाडावर हात ठेवला. हात गुळगुळीत लाकडावर पडला. त्यांनी तो हळूहळू खोडाभोवती फिरवला, पुन्हा होता तिथं आणला.

"कोनं करं हाई?"

हिलाल भाऊ हसत हसत पुढं झाले. "मी करं नाना. आते मोहर येई."

नाना ओट्यावर जाऊन बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. मी त्यांना बिनटोपीचं तेव्हा पहिल्यांदा बघितलं. अक्का झाडापाशीच उभ्या राहिल्या, पदराचं टोक त्या उघड्या लाकडावर दाबून धरून, जसं लागलेल्या पोराच्या गुडघ्यावर धरतात.

"पण झाड हिरवंगार आहे की, नाना," कोणीतरी म्हणालं.

"हिरवं ऱ्हाईच," नाना म्हणाले. "पानी लाकूडमाईन वर जास. जेवन सालमाईन खाले येस. वर पंगत बसेल शे आन खाले मूळ उपाशी. दोन-चार महिना तगी, मंग उभं मरी."

हिलाल भाऊंचा चेहरा पाहवत नव्हता. शेजारचे एक गृहस्थ, देव त्यांचं भलं करो, समजूत घालायला म्हणाले, "जाऊ द्या नाना. नाहीतरी वांझच झाड."

नाना उठले. त्यांना दिसत नव्हतं नीट, नाहीतर त्या गृहस्थांचं काय झालं असतं कोण जाणे. मी अक्कांना घरात नेऊन बसवलं. तिथं त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "त्यासले हाऊ शब्द चालत नही, ताई. गावमा बठ्ठा लोक माले हाऊच शब्द बोलेत. कोना डोहाळजेवनले बलायेत नही. म्हनीसन आम्ही गाव सोडं." एवढं सांगून त्या चहा करायला उठल्या. त्यांच्या पाठीकडं बघत मी बसले आणि त्या पाहुण्याचा अर्धा कप मला आठवला. मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला, कोणाचा ते नीट कळलं नाही.

बाहेर आले तर नाना टोपी घालून उभे होते. त्यांनी गल्लीला कामाला लावलं होतं.

"हिलाल, तुनी पटाशी आन. बारीक खिळा आन. ताई, मेन गरम कर. गोणपाट भिजाडा, लाकूड सुकाले नको."

त्यांचा बेत असा होता, की झाडाच्याच सरळ, पेन्सिलीएवढ्या काड्या घ्यायच्या, दोन्ही टोकांना तिरपा काप द्यायचा, एक टोक जखमेच्या खालच्या सालीत खुपसायचं, दुसरं वरच्या सालीत. काडीचा ओला थर झाडाच्या ओल्या थराला भिडला की दोन्ही एकजीव होतात आणि वरचं जेवण त्या काडीतून खाली उतरायला लागतं. पूल बांधायचा, नाना म्हणाले, पांझरा नदीवर बांधतात तसा. फक्त पूल बांधणाऱ्या माणसाला डोळ्यांनी दिसत नव्हतं आणि डॉक्टरांनी वाकायला बंदी केली होती. म्हणजे हात हिलाल भाऊंचे आणि जीभ नानांची.

असं अध्यापन मी जन्मात पाहिलं नाही. नाना खुर्चीवर, हिलाल भाऊ गुडघ्यांवर. प्रत्येक काप नाना अंगठ्याच्या नखावर घासून बघत. "खरबडं शे. परत." पुन्हा काप. "आते दारना फळीसारखं व्हयनं. हाई फर्निचर नही, जितं शे. परत." हिलाल भाऊंना घाम फुटला होता, पण ज्या हातांनी साल काढली त्याच हातांनी ते पुन्हा पुन्हा नवी काडी उचलत होते. काडी उलटी बसली तर ती जगत नाही, शेंड्याकडचं टोक वरच राहिलं पाहिजे. हिलाल भाऊंचा इतिहास लक्षात घेता ही मोठीच भीती होती. तेव्हा अक्का करंडा घेऊन बाहेर आल्या आणि ताटात मांडलेल्या प्रत्येक काडीच्या वरच्या टोकाला त्यांनी कुंकवाचं बोट लावलं. मग चूक व्हायची सोयच उरली नाही. सांधे मेणानं बुजवले, सुती पट्ट्या आवळल्या आणि ओलं गोणपाट गुंडाळलं. संध्याकाळी आंबा हाड मोडलेल्या माणसासारखा दिसत होता.

त्यानंतर गल्लीचं वेळापत्रकच बदललं. येणारा-जाणारा गोणपाटावर पाणी शिंपडायचा. हिलाल भाऊ दुकान उघडण्याआधी झाडाकडं यायचे आणि बंद केल्यावर पुन्हा. काही काड्या वाळल्या. एकदा सकाळी हिलाल भाऊ ओरडत माझ्या दाराशी आले, की काडीला डोळा फुटला. नानांनी काळा चष्मा काढला, नुकत्याच मिळालेल्या नव्या नजरेनं तो हिरवा ठिपका बघितला आणि ताबडतोब नखानं खुडून टाकला. हिलाल भाऊंना रडूच यायचं बाकी होतं.

"अरे, पूलवर घर बांधतस का?" नाना म्हणाले. "त्यानं फक्त जेवन खाले धाडानं." पण खुडलेला तो डोळा त्यांनी खिशात टाकला नाही. तळहातावर घेऊन अक्कांना दाखवायला आत गेले.

थंडीत काड्या फुगल्या. कडेची साल गुबगुबीत होऊन काड्यांवर चढायला लागली. आणि संक्रांतीनंतर एका सकाळी मला ओळखीचा वास आला. दार उघडून बघते तर नानांच्या आंब्याच्या रस्त्याकडच्या फांद्या मोहोरानं लगडलेल्या. एवढा मोहोर, की खाली उभं राहिलं तर डोक्यावर गळायचा. अख्खी गल्ली झाडाखाली जमली. समजूत घालणारे ते गृहस्थ सर्वांत पुढं होते.

हिलाल भाऊंची छाती फुगली होती. "नाना, शेवट मनाच कोयता कामले उना ना?"

नानांनी त्यांच्याकडं रोखून बघितलं. आम्हाला वाटलं, आता फुटणार. नाना म्हणाले, "घाव तुना, टाका मना. झाड तिनं." आणि अंगठ्यानं मागं दारात उभ्या अक्कांकडं दाखवलं. मग त्यांनी हिलाल भाऊंच्या पाठीवर थाप मारली. इतक्या दिवसांत पहिलीच.

निम्मा मोहोर वाऱ्यानं गेला, तरी कैऱ्या धरल्या. आखाजी आली. मी सकाळच्या गाडीनं जळगावला माहेरी जाणार होते, पिशवी भरून तयार. आदल्या संध्याकाळी अक्का आमच्याकडं आल्या. इतक्या वर्षांत त्या स्वतःहून कोणाच्या दारात गेल्या नव्हत्या. उंबऱ्याबाहेरच उभं राहून म्हणाल्या, "ताई, सकायले झोका बांधसूत. तू येशीन का? मंग जा माहेरले." गल्लीतल्या प्रत्येक घरी त्या तशाच गेल्या होत्या, ज्यांच्या ज्यांच्या लेकी आल्या होत्या त्या सगळ्या घरी.

सकाळी नानांच्या दाराला कुलूप नव्हतं. घरात घागर भरलेली होती आणि तिच्यावर त्या झाडाचा पहिला पाडाचा आंबा. बाहेर वरच्या दणकट फांदीला झोका. दोर हिलाल भाऊंनी बांधला होता आणि नानांनी तीनदा तपासला होता. पोरी नव्या साड्या नेसून आल्या, कोणी सुरतेहून, कोणी शिरपूरहून. गाणी सुरू झाली. अक्का एकेकीला झोक्यावर बसवून मागून ढकलत होत्या, पदर खोचून, घामाघूम होऊन. मी त्यांचा आवाज गाण्यात पहिल्यांदाच ऐकला. चांगला खणखणीत होता.

नाना ओट्यावर बसले होते. मी शेजारी जाऊन बसले. समोर गल्ली दिसत होती: माझी जास्वंद, पलीकडचा मोगरा, टपरीवाल्याची तुळस, सगळी चारी अंगांनी फुटलेली, भरलेली. या माणसानं दारोदार हिंडून सगळ्यांच्या अंगणात फांद्या फुटवल्या होत्या आणि मी त्याच्या नावानं ओरडत होते.

"नाना," मी म्हणाले, "तुम्ही दरवर्षी मुक्ताईला जायचा ना. यंदा चुकलं की."

नाना झोक्याकडंच बघत होते. "दर्शनले कोन जाय व्हतं," ते म्हणाले. "तीन-चार घंटा जावाले, तीन-चार येवाले. दिवस निंघी जाये. आठे हाई गानं तिले आयकू येवाले नको, म्हनीसन."

तेवढ्यात अक्कांनी झोका थांबवून वळून विचारलं, "अहो, मुक्ताईनगरनी गाडी गई व्हई ना आते?"

"गई व्हई," नाना म्हणाले.

"जाऊ द्या," अक्का म्हणाल्या, आणि त्यांनी मला झोक्यावर बसायला हाक मारली.